ऐंशी टक्के आले कुठून?

माझी सगळी नोकरी विम्याच्या ॲक्चुअरी खात्यात गेली. कोणत्या वयात किती माणसं मरतात याचे तक्ते करायचे आणि त्यावरून हप्ते ठरवायचे. काम ऐकायला अभद्र वाटतं, पण त्यात एक सुख आहे. मृत्यूबद्दल वाद नसतो. दाखला येतो, त्यावर तारीख असते आणि माणूस एकदाच मरतो. २०१३च्या ऑगस्टमध्ये शक्ती मिलमधल्या सामूहिक बलात्काराच्या बातमीने मुंबई हादरली होती. तेव्हा डबा खाताना कुणीतरी म्हणालं, ‘‘असले शंभर सोडले तर त्यातले ऐंशी परत तेच करतात, अमेरिकेत सिद्ध झालंय म्हणे.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या डोक्यात मात्र धंद्याचे प्रश्न आले. हे शंभर कोणते? त्यांच्यावर किती वर्षं नजर ठेवली? आणि ‘परत केलं’ हे ठरवलं कुणी, पोलिसांनी, कोर्टाने की त्या माणसाने स्वतः?

या प्रश्नांचा पाठपुरावा निवृत्तीनंतर झाला. त्या ऐंशी टक्क्यांची वंशावळ सापडते, आणि ती फार छोटी आहे.

२००२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मॅककून विरुद्ध लाइल’ या खटल्याचा निकाल दिला. कॅन्ससच्या तुरुंगात लैंगिक गुन्हेगारांसाठी उपचारवर्ग होता. त्यात बसायचं तर आधी केलेलं सगळं कबूल करायचं, ज्याचा खटला कधी चाललाच नाही तेसुद्धा. नकार दिला की भेटीगाठी, टीव्ही, कमाई या सवलती कमी होणार आणि जास्त कडक बंदोबस्ताच्या विभागात रवानगी. स्वतःविरुद्ध बोलायला लावणारी ही सक्ती घटनाबाह्य आहे, असं कैद्याचं म्हणणं. पाच विरुद्ध चार मतांनी तुरुंग जिंकला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांचं. उपचार न घेतलेल्यांत पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांपर्यंत असल्याचा अंदाज आहे, असं त्यांनी त्यात नोंदवलं. पुढच्याच वर्षी, ‘स्मिथ विरुद्ध डो’ या अलास्काच्या खटल्यात, गुन्हेगारांची नावं जाहीर यादीत टाकण्याचा कायदा जुन्या गुन्ह्यांनाही लावायला न्यायालयाने मान्यता दिली. या लोकांपासूनचा धोका भयावह प्रमाणात मोठा आहे, असं तिथे पुन्हा म्हटलं, आणि आधार दिला तो मॅककूनच्या निकालाचा. त्यानंतर खालच्या न्यायालयांतून, विधिमंडळांतून, वकिलांच्या युक्तिवादांतून हे शब्द वारंवार उचलले गेले.

ॲरिझोनातले कायद्याचे प्राध्यापक आयरा एलमन आणि त्यांच्यासोबत तारा एलमन यांनी २०१५ मध्ये या आकड्याचा माग काढला. न्यायालयाने आधार दिला होता तो तुरुंग अधिकाऱ्यांसाठी १९८८ मध्ये काढलेल्या एका सरकारी मार्गदर्शिकेचा. मार्गदर्शिकेने आकडा घेतला होता ‘सायकॉलॉजी टुडे’ या लोकप्रिय मासिकातल्या १९८६च्या लेखावरून. लेखकांपैकी एक ओरेगनच्या तुरुंगात असाच उपचारवर्ग चालवणारा समुपदेशक. आमच्या वर्गाचा उपयोग होतो हे सांगताना, उपचाराशिवाय सोडलेल्यांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत पुन्हा गुन्हे करतात, असं एक वाक्य त्यांनी टाकलं होतं. वाक्यामागे ना तक्ता, ना पाहणी, ना कुणाचा संदर्भ. वंशावळ इथे संपते. लेखकाने पुढे अनेक वर्षांनी, आपल्या वाक्याचं असं झालेलं पाहून खेद व्यक्त केला. मला त्याचा फार राग येत नाही. आपल्या संस्थेची बाजू मांडताना माणसं असंच बोलतात. राग येतो तो मधल्या टप्प्यांवरच्या लोकांचा, कारण कागद तपासणं हाच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग होता.

खरं तर तोवर अमेरिकेत मोजणीची परंपरा साठ वर्षांची झाली होती. १९२८ मध्ये शिकागोचे समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी इलिनॉयमधल्या तीन संस्थांतून पॅरोलवर सुटलेल्या तीन हजार जणांच्या फायली चाळल्या, प्रत्येक संस्थेतून एक हजार. एकवीस बाबी काढल्या: वय, गुन्ह्याचा प्रकार, आधीच्या शिक्षा, नोकरीचा इतिहास, तुरुंगातली वागणूक. प्रत्येक अनुकूल बाबीला एक गुण. सोळा ते एकवीस गुण मिळालेल्यांत पॅरोल मोडणारे दीड टक्का निघाले, दोन ते चार गुणवाल्यांत शहात्तर टक्के. आमच्या खात्यात हा कागद आला असता तर कुणालाच नवल वाटलं नसतं. प्रपोजल फॉर्म वाचून एक्स्ट्रा प्रीमियम लावण्याची रीत तीच. मात्र बर्जेस यांच्या बाबींत ‘सामाजिक प्रकार’ नावाचा एक रकाना होता आणि त्यात भटक्या, निकम्मा, शेतावरचा पोरगा, नवा स्थलांतरित असे शिक्के होते. भरणारा कारकून कैद्याला कोणता शिक्का मारेल, यावर एक गुण अवलंबून!

बर्जेस यांच्या यादीत लैंगिक गुन्हेगार हा अनेक प्रकारांपैकी एक प्रकार होता. १९३७ मध्ये मिशिगनने ‘लैंगिक मनोविकृतां’साठी वेगळा कायदा केला, पुढच्या वर्षी इलिनॉयने, मग कॅलिफोर्नियाने. शिक्षेऐवजी बरे होईपर्यंत डांबून ठेवण्याची ही सोय. बरा झाला हे कोण आणि कशावरून सांगणार, हा प्रश्न त्यातूनच आला, आणि १९५४ मध्ये उघडलेल्या कॅलिफोर्नियाच्या ॲटास्कडेरो इस्पितळातून सुटलेल्यांच्या पाहण्या साठच्या दशकात सुरू झाल्या. १९८९ मध्ये लिटा फर्बी आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या बेचाळीस पाहण्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा कशाचा कशाला मेळ नव्हता. कुणी अटक मोजली होती, कुणी शिक्षा. कुणी वर्षभर पाहिलं, कुणी दहा वर्षं. उपचाराने फरक पडतो असा पुरावा यातून मिळत नाही, एवढंच त्या सांगू शकल्या. मासिकातलं ते वाक्य तेव्हा तीन वर्षांचं होतं आणि सुखात होतं.

आता एक अहवाल जरा जवळून बघू. एकाच अहवालातून चार वेगवेगळ्या बातम्या कशा निघतात, ते त्यात स्पष्ट दिसतं.

अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. १९९४ मध्ये पंधरा राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेले ९,६९१ पुरुष, सगळे लैंगिक गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगलेले. त्या वर्षी देशभर राज्यांच्या तुरुंगांतून अशा जितक्यांची सुटका झाली त्यांचे हे दोनतृतीयांश, म्हणजे नमुना भक्कम. तीन वर्षं त्यांच्या अटकेच्या नोंदी पाहिल्या. नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा अटक झालेले निघाले ५१७, म्हणजे ५.३ टक्के. त्यातल्या अटकेवर न थांबता पुन्हा दोषी ठरलेलेच धरले तर ३.५ टक्के. पण कुठल्याही गुन्ह्यासाठी अटक, मग ती चोरी असो की दारू पिऊन केलेला दंगा, धरली तर ४३ टक्के. ज्याला ‘निम्मे परत आत जातात’ असं म्हणायचं आहे तो शेवटचा आकडा उचलतो, ज्याला ‘जवळपास कुणीच जात नाही’ म्हणायचं आहे तो मधला.

अहवाल इथेच थांबला नाही. त्याच पंधरा राज्यांतून त्या वर्षी इतर गुन्ह्यांचे २,६२,४२० कैदीही सुटले होते. त्यांतल्या ३,३२८ जणांना तीन वर्षांत लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झाली, म्हणजे १.३ टक्के. मग लैंगिक गुन्हेगार इतरांपेक्षा चौपट धोकादायक ठरतात, आणि हे खरंच आहे. पण आता दोन्ही अटका एकत्र करा: ५१७ आणि ३,३२८ मिळून ३,८४५. सुटलेल्या कैद्यांवर आलेल्या नव्या लैंगिक गुन्ह्यांच्या आरोपांत सत्त्याऐंशी टक्के माणसं अशी, जी भोगलेल्या शिक्षेवरून लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत बसलीच नसती. चोर, मारामारी करणारे, गर्दुल्ले. चौपटही खरं आणि सत्त्याऐंशी टक्केही खरं. नुसती यादी बघून पहारा देणाऱ्याने दुसरा आकडा भिंतीवर चिकटवून ठेवावा असं मला वाटतं.

तीन वर्षं म्हणजे थोडीच, हा आक्षेप रास्त आहे. आमच्याकडेही तीन वर्षांच्या क्लेमवरून कुणी मृत्युदर काढत नाही. १९९७ मध्ये रॉबर्ट प्रेंटकी आणि सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिजवॉटरच्या उपचारकेंद्रातून १९५९ ते १९८५ दरम्यान सुटलेल्या २५१ जणांचा पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला. नवा लैंगिक आरोप बलात्काऱ्यांत ३९ टक्क्यांवर, बालकांवर अत्याचार करणाऱ्यांत ५२ टक्क्यांवर. हे आकडे वाचून घाबरायला होतं, म्हणून रीत समजून घ्यायला हवी. कुणी वीस वर्षांपूर्वी सुटला, कुणी दोन. सगळ्यांना एका पट्टीने मोजलं तर नुकता सुटलेला माणूस सज्जन ठरतो. यावर उपाय म्हणजे दर वर्षी जितके नजरेखाली आहेत त्यांतून किती घसरले ते काढायचं आणि वर्षांची साखळी जोडत जायची. विमेवाल्यांची ही जुनी रीत. १९५८ मध्ये एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी तिला नेटकं गणिती रूप दिलं. कॅप्लन यांच्यापुढे समुद्रतळावरच्या टेलिफोन केबलमधल्या नळ्या किती टिकतात हा प्रश्न होता, मायर यांच्यापुढे कर्करोगाचे रुग्ण. नळी, रुग्ण आणि कैदी तिघांनाही एकच सूत्र चालतं, फक्त कैद्याच्या बाबतीत ‘घटना’ म्हणजे काय ते सांगावं लागतं. आणि ब्रिजवॉटरमध्ये सर्वांत धोकादायक ठरवून पाठवलेलेच पोचायचे, हेही. हृदयविकाराच्या वॉर्डातून काढलेला मृत्युदर सगळ्या शहराला लावता येत नाही.

कॅनडातला अनुभव याहून बोलका आहे. २००४ मध्ये टोरंटोच्या रॉन लँजविन यांच्या पाहणीत आयुष्यभराचा आकडा ८८ टक्के निघाला, म्हणजे त्या मासिकालाही मागे टाकणारा. दोन वर्षांत शेरिल वेबस्टर, रोझमेरी गार्टनर आणि अँथनी डूब यांनी त्याची चिरफाड केली. पाहणीतली माणसं मानसोपचार तपासणीसाठी मुद्दाम पाठवलेली होती. तपासणीच्या आधीचे गुन्हेसुद्धा ‘पुन्हा’मध्ये धरले होते, म्हणजे ज्याचा आधीच दुसरा गुन्हा होऊन तो तिथे आला, तो पहिल्याच दिवशी नापास. आणि ज्यांच्या नोंदी केंद्रीय पोलिसांच्या दप्तरात शिल्लक नव्हत्या ते मोजणीतून गळाले. बराच काळ काही न करणाऱ्याची फाईल कालांतराने दप्तरातून काढली जाते. सरळ वागलेले असे दारातूनच बाहेर गेले आणि आत उरले ते उरले. आमच्या खात्यात एखाद्या नव्या मुलाने मेलेल्यांच्याच फायलींवरून मृत्युदर काढला असता, तर त्याला चहा पाजून समजावलं असतं.

त्याच देशात, ओटावामध्ये सरकारी नोकरीत असलेले मानसशास्त्रज्ञ कार्ल हॅन्सन यांनी पंचवीसेक वर्षं चिकाटीने निराळं काम केलं. मोनिक ब्यूसिएर यांच्यासह १९९८ मध्ये एकसष्ट पाहण्या एकत्र केल्या: चार-पाच वर्षांत नवा लैंगिक गुन्हा नोंदला गेलेले १३.४ टक्के. २००४ मध्ये अँड्र्यू हॅरिस यांच्यासह ४,७२४ जण: पाच वर्षांत १४ टक्के, दहा वर्षांत २०, पंधरा वर्षांत २४. वेग बघा. पहिल्या पाचात चौदा, पुढच्या पाचात सहा, त्यापुढच्या पाचात चार. आणि सरासरीच्या पोटात कितीतरी भेद. पंधरा वर्षांअखेर, नात्यातल्या मुलांवर अत्याचार केलेल्यांत १३ टक्के, तर नात्याबाहेरच्या मुलग्यांवर केलेल्यांत ३५. पहिल्यांदाच शिक्षा झालेल्यांत १९, आधीही लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांत ३७. ‘लैंगिक गुन्हेगार’ असा एकच गठ्ठा करून टक्का सांगणं म्हणजे दमेकरी आणि पैलवान यांना एकच हप्ता लावणं.

१९९९ मध्ये हॅन्सन यांनी इंग्लंडच्या तुरुंगखात्यातल्या डेव्हिड थॉर्नटन यांच्याबरोबर ‘स्टॅटिक-९९’ हा दहा प्रश्नांचा तक्ता केला. सुटताना वय किती, कुणाबरोबर सलग दोन वर्षं संसार केला का, बळी ओळखीचा होता की अनोळखी, मुलगा होता का, आधी किती वेळा शिक्षा. हा सरळसरळ बर्जेस यांचा वारस, फक्त निकम्मा आणि भटक्या हे शिक्के गेले. या तक्त्याच्या आधारे अमेरिकेत माणसांची सुटका लांबवली जाते, पण त्याची अचूकता मध्यमच आहे हे हॅन्सन स्वतः लिहीत आले. २०१४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ७,७४० जणांच्या नोंदी तपासल्या. तक्त्याने जास्त धोक्याचे ठरवलेल्यांत पहिल्या पाच वर्षांत २२ टक्के घसरले. पण त्याच गटातले जे दहा वर्षं सरळ राहिले, त्यांच्यात पुढे हे प्रमाण ४.२ टक्क्यांवर आलं. जन्मभराच्या यादीचा कायदा या आकड्यापुढे टिकवणं अवघड आहे, आणि तरी तो टिकून आहे.

इथे मला स्वतःलाच अडवावं लागतं. हे सगळे आकडे पोलिसांच्या दप्तरातून आलेले. कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने २०१४ मध्ये नागरिकांना विचारून केलेल्या पाहणीत, लैंगिक अत्याचाराच्या शंभर घटनांपैकी पाचच पोलिसांपर्यंत गेल्याचं दिसलं. म्हणजे १३.४ हा पकडलं जाण्याचा दर आहे, करण्याचा नव्हे. मग खरा दर वीसपट? तसंही नाही, कारण वारंवार करणारा माणूस कधीतरी सापडण्याची शक्यता वाढते, आणि एकाच माणसाचे दहा गुन्हे झाले तरी तो टक्क्यात एकदाच मोजला जातो. मानसोपचारतज्ज्ञ जीन एबल यांच्या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गुप्ततेची कायदेशीर हमी देऊन ५६१ जणांना थेट विचारलं होतं. नात्याबाहेरच्या मुलग्यांवर अत्याचार केल्याची कबुली देणाऱ्यांची बळींची सरासरी दीडशेवर गेली. वर्तमानपत्रांनी तेवढीच छापली. मध्यक मात्र पाचाच्या खाली होता. मूठभर राक्षसांनी सरासरी फुगवली होती. पाच बळी कमी आहेत असं मी म्हणत नाही. दीडशे आणि पाच यांच्यासाठी बंदोबस्त वेगळा लागतो, इतकंच.

आपल्याकडे ‘पुन्हा’चा हिशेब पैशापासून सुरू झाला. १८६०च्या दंडविधानात कलम ७५ होतं, दुसऱ्यांदा सापडलेल्याला वाढीव शिक्षा देणारं. पण ते नाणी-मुद्रांक आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांपुरतं. खोटा रुपया पाडणाऱ्याची दुसरी खेप सरकारला मोजायची होती. दुसऱ्यांदा सापडलेला तोच माणूस हे सिद्ध करण्यासाठी १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं, जगातल्या अगदी पहिल्यांपैकी एक, आणि ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांचा मोठा वाटा होता. बलात्काराच्या दुसऱ्या खेपेसाठी वेगळं कलम यायला २०१३ उजाडलं: ३७६-ई, जन्मठेप किंवा फाशी. आता दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेत ते कलम ७१ आहे.

त्याचा पहिलाच मोठा वापर महालक्ष्मीच्या शक्ती मिलमध्ये. जुलै आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तिथे दोन सामूहिक बलात्कार झाले, तीन आरोपी दोन्हींत सामायिक. २० मार्च २०१४ रोजी दोन्ही खटल्यांत ते दोषी ठरले. मग पहिल्या खटल्यातल्या दोषसिद्धीच्या आधारे दुसऱ्यात ३७६-ई लावलं गेलं आणि एप्रिलमध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते कलम वैध ठरवलं आणि २०२१ मध्ये या तिघांची फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली. शिक्षा किती असावी हा माझा प्रांत नाही. मोजणीपुरतं सांगते: स्टॅटिक-९९च्या नियमांत हे दोन गुन्हे एकच गठ्ठा धरले असते. मध्ये पकडलं गेलं, कारवाई झाली, तिचा अर्थ कळला आणि तरीही केलं, तरच तिथे ‘पुन्हा’. कायद्याने आणि तक्त्याने एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी भरल्या आहेत.

२० सप्टेंबर २०१८ला केंद्र सरकारने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. सुरुवातीलाच ४ लाख ४० हजार नोंदी, फक्त तपासयंत्रणांना बघता येतील अशा. जाहीर यादीचा अमेरिकी मार्ग घेतला नाही हे बरं झालं. पण ती नोंदवही माणूस शोधण्यासाठी आहे, दर काढण्यासाठी नाही. तुरुंगांच्या वार्षिक सांख्यिकीत सराईतांचा तक्ता असतो, आणि त्याचा आकडा बातम्यांत ‘पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण’ म्हणून छापला जातो. तो तक्ता मागे बघतो: यंदा आत आलेल्या शिक्षाबंद्यांत जुने किती. सुटलेल्यांतले किती परत आले, हा हिशेब वेगळा. फरक बघायचा तर अमेरिकेचे तेच ५१७ घ्या. खाली सुटलेले ९,६९१ ठेवले तर ५.३ टक्के येतात, पुन्हा पकडलेले ३,८४५ ठेवले तर १३.४. आपला तक्ता दुसऱ्या जातीचा आहे. पहिल्या जातीचा करायला एका वर्षी सुटलेल्यांची यादी, त्यांतल्या मेलेल्यांची नोंद आणि दहा वर्षं थांबण्याची तयारी लागते.